चूल एकच

रविवारी दुपारी पालीहून येणाऱ्या एसटीची वेळ झाली की येसूबाई पडवीत येऊन बसायची. फाट्यापासून भुवडवाडीपर्यंत कातळावरून अर्ध्या तासाची वाट होती. त्या वाटेनं तिची सून राही यायची. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत तपकिरी पुठ्ठ्याचं एक पुस्तक. येसूबाई तिचं चालणं बघत राहायची. त्या चालण्यात घाई नसायची, भीती नसायची. येसूबाईला त्याचाच राग यायचा.

राही तळेकोंड गावच्या या वाडीत सून होऊन आली त्याला अकरा वर्षं झाली होती. तिचा नवरा रघू भांडुपला पंपांच्या कारखान्यात कामाला होता. गणपतीला आणि शिमग्याला तो घरी यायचा. लग्नानंतर पाच वर्षांनी त्यांना मुलगी झाली, श्रद्धा. ती चार वर्षांची होऊन तापानं गेली.

त्या तापाचे पहिले दोन दिवस येसूबाईनं पोरीला दवाखान्यात नेऊ दिलं नव्हतं. नजर लागलीय म्हणाली. शेजारच्या गावच्या भगताकडून अंगारा आणला, पोरीच्या कपाळाला लावला, पाण्यात कालवून पाजला. राही दोनदा पोरीला कडेवर घेऊन अंगणातल्या खळ्याच्या दगडी गडग्यापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा सासूनं तिला दंडाला धरून मागं आणली. तिसऱ्या दिवशी पोर ओळख देईना, तेव्हा रिक्षा करून तिला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून आहे?"

राही तोंड उघडणार तेवढ्यात येसूबाई म्हणाली, "कालपासून."

पोर दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

रघू मुंबईहून आला तेव्हा येसूबाईनंच त्याला सगळं सांगितलं. पोरीला पावसात भिजू दिली, आईचं लक्ष नव्हतं, असं सांगितलं. वाडीतही तेच सांगितलं. राहीनं ते खोडलं नाही. तेव्हा ती काही खोडण्याच्या अवस्थेत नव्हतीच. पुढं वर्षभर ती रडत होती. भात लावताना, भांडी घासताना, कुठंही. तिला रडवायला कोणता शब्द पुरतो हे येसूबाईला नेमकं ठाऊक झालं होतं. "आज श्रद्धा असती तर शाळेत गेली असती," एवढं म्हटलं तरी पुरायचं. सून रडली की येसूबाईला सुटल्यासारखं व्हायचं. तिला त्यात आनंद नव्हता. पण रडते म्हणजे चूक हिचीच, असं पुन्हा एकदा ठरून जायचं.

मग राहीला पालीच्या बाजारात करुणा सिस्टर भेटली. श्रद्धा गेली त्या पहाटे दवाखान्यात राहीजवळ बसून राहिलेली नर्स ती हीच. पालीला बाजाराच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी ख्रिस्ती प्रार्थना व्हायची, तिथं करुणा जायची. एकदा ती राहीला घेऊन गेली. मग राही आपली आपण जायला लागली. आणि तीन-चार महिन्यांत तिचं रडणं थांबलं.

येसूबाई ते शब्द पुन्हा पुन्हा वापरून बघायची. राही ऐकून घ्यायची, क्षणभर डोळे मिटायची आणि हातातलं काम पुढं करायची.

पौषातल्या एका रविवारी राही पालीहून आली, पाय धुतले आणि सासूसमोर येऊन बसली. येसूबाई सुपात कुळीथ निवडत होती.

"आई, एक सांगायचं होतं."

"काय?"

"मी तुमाला माफ केलंय."

येसूबाईचे हात थांबले. "कशाबद्दल?"

"तुमाला ठाऊक हाय. त्या दोन दिवसांबद्दल. मनात ठेवून मलाच जड होत होतं. आता नाय. तुमी पण मनातून काढून टाका."

राही हे अगदी साधेपणानं म्हणाली. तिला वाटत होतं की आपण सासूच्या पाठीवरचं ओझं उतरवतोय. येसूबाईला मात्र भर बाजारात कुणी लुगडं ओढावं तसं झालं. दीड वर्ष ज्या गोष्टीचं नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं, ती हिनं सरळ उचलून समोर ठेवली होती. आणि वर माफ करते म्हणाली होती. माफ करणारी ही कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूबाईनं ते तपकिरी पुस्तक न्हाणीच्या चुलीत घातलं. राही गोठ्यातून आली, धूर वेगळा वाटला म्हणून वाकून बघितलं आणि हातानंच ते बाहेर ओढलं. अर्धं जळलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं, पिशवीत ठेवलं आणि भाजलेली बोटं पाण्यात बुडवून बसली. सासूला एका शब्दानं बोलली नाही. ओरडली असती तर येसूबाई कदाचित तिथंच थांबली असती.

त्याच दुपारी ती रामा भुवडाकडं गेली. रामा गावकीचा प्रमुख होता. देवळाचा कारभार, शिमग्याची पालखी, वाडीतले तंटे, सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. येसूबाईच्या वारलेल्या नवऱ्याचा तो चुलतभाऊ.

"भावोजी, सून हाताबाहेर गेली. दर रविवारी पालीला जाते. गावकीनं वायच भीती घालायला हवी."

"रघूला ठाऊक हाय?"

"रघू काय, तिकडं. तिला नुसती समोर उभी करा. चार माणसं बघितली की घाबरेल."

रामा दुष्ट माणूस नव्हता. पण गेली काही वर्षं पालखीला खांदे कमी पडत होते, पोरं मुंबईहून येईनाशी झाली होती, आणि आपल्या हयातीत हे सगळं मोडणार ही धास्ती त्याला खात होती. "आज ही गेली, उद्या आणखी कोण जाईल," तो म्हणाला. "बरं केलंत सांगितलंत."

पुढच्या सोमवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. पंचवीस-तीस माणसं होती. बायका एका बाजूला खांबांना टेकून. राहीला मध्ये उभी केली.

"राही, तू बाटलीस काय?" रामानं विचारलं.

"नाय. मी कायच घेतलं नाय. नुसती जाऊन बसते."

"बसून काय करतेस?"

"गाणी म्हणतात. मी पण म्हणते. मग ज्यांचं कुणी गेलंय त्यांची नावं घेतात. माझ्या पोरीचं नाव घेतात."

"नाव काय, हितं देवळात घेता येत नाय?"

"हितं तिचं नाव काढलं की सगळी माझ्याकडं बघतात," राही म्हणाली.

मागून कुणीतरी म्हणालं, पालीला गव्हाची पोती देतात म्हणे. राही त्या दिशेला वळली. "पोतं कुठं हाय ते घरात येऊन बघा." दोघंतिघं हसले, पण रामा हसला नाही. त्यानं देवासमोरचा एक नारळ उचलून तिच्यापुढं ठेवला.

"ह्यावर हात ठेव आणि म्हण, आजपासून जाणार नाय. मिटलं."

राही खाली बसली. नारळावर हात ठेवला. "देव माझा पण हाय. त्याला मी सोडला नाय. पण जाणार नाय असं म्हणणार नाय."

"का?"

"कारण जाणार हाय."

सभामंडपात कुजबुज सुरू झाली. येसूबाई बायकांत बसली होती. तिच्या शेजारी दमयंती होती. दोघी एकाच वर्षी नवऱ्या मुली होऊन या वाडीत आल्या होत्या, चाळीस वर्षं एकमेकींच्या परड्यातून ये-जा होती. दमयंतीनं तिचा हात दाबला. येसूबाईला बरं वाटलं. आता सुनेला दम देतील, ती रडेल, पाया पडेल आणि आपण तिला घरी घेऊन जाऊ, असं तिला वाटत होतं.

रामानं चार जाणत्यांशी बोलून निर्णय सांगितला. "हे घर आजपासून गावकीच्या बाहेर. कुणी बोलायचं नाय, कुणी जायचं-यायचं नाय. शिमग्याला पालखी त्यांच्या खळ्यात जाणार नाय."

येसूबाई उठून उभी राहिली. "घर? भावोजी, घर कसं? मीच तर सांगायला आले तुमाला. मी कशी बाहेर?"

"तुमी कुठं जेवता, वहिनी?"

"घरातच."

"कुणाच्या हातचं?"

ती बोलली नाही.

"चूल एकच ना?" रामा म्हणाला. "मंग घर एकच."

दमयंतीनं आपला हात काढून घेतला होता.

पुढच्या आठवड्यात येसूबाई नाचणीचा डबा घेऊन गिरणीवर गेली. गिरण चालू होती, पट्ट्याचा आवाज येत होता. गिरणवाला दारात येऊन म्हणाला, "बंद हाय." ती आवाजाकडं बघत उभी राहिली, तो आत निघून गेला. दूध घालणारा येईनासा झाला. भात पेरायच्या जागेची भाजावळ करायला दरवर्षी दोन माणसं यायची, ती आली नाहीत. राहीनं एकटीनं डहाळ्यांची कवळं वाहून जमिनीवर पसरली आणि जाळली. माघातल्या सत्यनारायणाला सगळ्या वाडीत बोलावणं फिरलं. दमयंतीच्या घरी बायका जमलेल्या येसूबाईला परड्यातून दिसत होत्या. ती केळीच्या आड उभी राहून बघत होती. दमयंती तांब्या घेऊन बाहेर आली, दोघींची नजर भिडली, आणि दमयंती तांब्यातलं पाणी तुळशीला न घालताच आत गेली.

मुंबईत वाडीच्या मंडळानं रघूला व्हॉट्सॲपच्या गटातून काढलं. त्याचा आईला फोन आला. "काय करून ठेवलंत तुमी दोघींनी?" एवढंच विचारून त्यानं ठेवला.

आता येसूबाईशी बोलणारं एकच माणूस उरलं होतं, ती म्हणजे राही. राही पालीहून पीठ दळून आणायची. संध्याकाळी सासूच्या गुडघ्यांना तेल लावायची. येसूबाई पाय पुढं करायची आणि तेल लागत असताना बोलायची. "तुझ्यापायी झालं. आधी पोर खाल्लीस, आता घर खाल्लंस." राहीचे हात थांबायचे नाहीत. कधी ती म्हणायची, "आई, तुमी गावकीला सांगितलं ते मला ठाऊक हाय. त्याचं मला काय नाय." मग येसूबाई पाय ओढून घ्यायची.

एके दिवशी दुपारी सहदेव तांबे गुरुजी आले. गुरुजी बौद्धवाडीत राहायचे, शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. वाडीतल्या अर्ध्या माणसांना त्यांनी बाराखडी शिकवली होती, रघूलाही. पडवीत बसून त्यांनी राहीला समोर बसायला सांगितलं. येसूबाई आत माजघरात दाराआड राहिली.

"हे बघ राही," गुरुजी म्हणाले, "प्रार्थनेनं कुणाचं दुःख जातं हे मला पटत नाही. तुला खोटं कशाला सांगू? आम्ही देवच सोडला. तू एक सोडून दुसरा धरतेस याचं मला जरा वाईटच वाटतं."

"मी सोडला नाय कुणाला, गुरुजी."

"असू दे. ते तुझं तू बघ. पण कुणाला भजायचं हे ठरवायचा हक्क तुझा आहे, रामा भुवडाचा नाही. माझ्या वडलांनी छप्पन साली धर्म बदलला तेव्हा याच गावकीनं आमचं पाणी बंद केलं होतं. माझी आई दोन मैलांवरून कळशी आणायची. तेव्हा कुणी दाद घेतली नाही. आज बहिष्काराविरुद्ध कायदा आहे." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तक्रार लिहून आणलीय. सही कर. मी बरोबर पोलीस ठाण्यात येतो."

राहीनं कागद सावकाश वाचला. मग बोट ठेवून विचारलं, "हे पहिलं नाव आईंचं?"

"गावकीकडं कोण गेलं? सुरुवात त्यांनी केली. ते लिहायलाच लागेल."

"खोडता येणार नाय?"

"खोडलं तर पोलीस पहिलाच प्रश्न विचारतील, गावकीला कुणी सांगितलं. तेव्हा तू काय खोटं बोलणार?"

राहीनं कागदाची घडी घातली आणि गुरुजींच्या हातात परत दिली. "मंग राहू दे."

"तिनं तुझं पुस्तक जाळलं ना?" गुरुजींचा आवाज चढला. "तुझ्या त्या पास्टरनं हेच शिकवलं काय? मार खात राहा म्हणून?"

"पास्टर तर म्हणतात, उभी राहून सगळ्यांपुढं साक्ष दे, की माझं दुःख गेलं. ते पण मी करत नाय," राही म्हणाली. "दुःख गेलं नाय गुरुजी. पण म्हाताऱ्या माणसाला पोलिसांच्या दारात उभं करून मला तिथं प्रार्थनेला बसवणार नाय."

गुरुजी उठले. पायरी उतरताना म्हणाले, "कागद माझ्याकडं आहे. कधीही ये."

येसूबाईनं दाराआडून सगळं ऐकलं. सुनेनं आपलं नाव वाचवलं हे तिला कळलं, पण तिला ते उपकारासारखं वाटलं नाही. म्हणजे आता हिचं आणखी एक देणं डोक्यावर बसलं. मग तिच्या मनात दुसरा विचार आला. गावकी पोलिसांना भीत असणार. आणि ही तक्रार करणार नाही, हे फक्त आपल्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी ती रामाच्या खळ्यात जाऊन उभी राहिली. रामा काजूच्या बिया उन्हात पसरत होता. नियमानं तो बोलणार नव्हता, म्हणून तीच बोलली. गुरुजी काय घेऊन आले होते आणि राहीनं काय केलं ते सगळं सांगितलं. रामा ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर तो ओट्यावर बसला आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसला. किती दिवस तो पोलिसांतल्या तक्रारीच्या धास्तीत होता ते तेव्हा दिसलं.

"नक्की नाय करणार?"

"माझं नाव हाय तोवर नाय करणार."

"मंग काय म्हणणं तुमचं?"

"चूल वेगळी करते. मला आत घ्या."

"एका छपराखाली दोन चुली, हे कुणाला पटायचं?" रामा म्हणाला. "ती घरात नको, वहिनी. ती गेली की पालखी तुमच्या खळ्यात येईल. माझा शब्द."

येसूबाई म्हणाली, "ठीक हाय."

शिमग्याला रघू आला. येसूबाईनं त्याला गडग्यापाशीच गाठून रामाशी काय ठरलं ते सगळं सांगून ठेवलं. तो दमलेला होता. मंडळात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, खोलीतले दोघं दुसरीकडं राहायला गेले होते. राहीनं त्याला एकदा म्हटलं, "तुमी एक रविवार माझ्याबरोबर चला. बघा, नाय पटलं तर नाय." तो म्हणाला, "मला कशात पाडू नको." त्याला ना पालीचं काही पडलं होतं ना पालखीचं. त्याला फक्त पूर्वीसारखं व्हायला हवं होतं.

येसूबाईनं राहीला सांगितलं की गावकीनं माफ केलंय, उद्या पालखी येणार. राहीचा चेहरा उजळला. "बघा आई, मी म्हणत होते ना. माणसं काय वाईट नसतात." सकाळी लवकर उठून तिनं सबंध खळं शेणानं सारवलं. सासूचे गुडघे दुखतात म्हणून तुळशीपुढची रांगोळीही तिनंच काढली. पालखी ठेवायच्या जागी पाट मांडला, ओटीचं सामान ताटात लावून ठेवलं. येसूबाई पडवीत बसून बघत होती. तिनं तिला सगळं काम पुरं करू दिलं. शेवटचा कोपरा सारवून राही हात धुवायला वळली, तेव्हा ती आत गेली आणि राहीच्या कपड्यांची भरलेली पिशवी आणून पायरीवर ठेवली.

"हे काय?"

"तू नीघ. पालखी यायच्या आत."

राहीनं नवऱ्याकडं बघितलं. रघू खांबाशी उभा होता. "थोडे दिवस माहेरी जा," तो म्हणाला. "वातावरण निवळलं की बघू."

"परत न्यायला याल काय, तेवढं सांगा."

रघू ओल्या सारवणाकडं बघत राहिला.

राही आत गेली आणि भिंतीवरचा श्रद्धाचा फोटो काढून छातीशी धरून बाहेर आली. येसूबाईनं वाटेतच तो धरला. "हा ठेव. पोर भुवडांची हाय. तुझ्या त्या शेडमध्ये नेऊन तिच्यावर कायबाय बोलायचं नाय."

"आई, एवढा द्या."

"ठेव म्हणते ना!" येसूबाईनं तो ओढला. चौकटीचा कोपरा राहीच्या हाताला लागला, रक्त आलं. राही रिकाम्या हातांकडं बघत उभी राहिली. मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता.

"सांगा ह्यांना, ताप किती दिवसांचा होता!"

"कसला ताप?" रघूनं विचारलं.

"तीन दिवसांचा. दोन दिवस अंगारा लावून घरात ठेवली. मी दोनदा घेऊन निघाले, दोनदा हिनं मागं ओढली. डॉक्टरला सांगितलं कालपासून. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, दोन दिवस आधी आणायची होती." तिला धाप लागली होती. "मी माफ केलं होतं तुमाला. खरंच केलं होतं, मनापासून. आता नाय करत. देवाला काय वाटायचं ते वाटू दे."

तिनं पिशवी उचलली आणि स्वतः सारवलेल्या ओल्या खळ्यातून चालत गेली. तिच्या पावलांचे ठसे तिथं उमटले. खालच्या वाडीत ढोल सुरू झाला होता.

"आई," रघू म्हणाला, "खरं हाय?"

येसूबाई वाकून हातानं ते ठसे पुसत होती. "पालखी आली," ती म्हणाली. "खांदा द्यायला जा."

रघू गेला आणि त्यानं खांदा दिला.

पालखी खळ्यात आली. येसूबाईनं ओटी भरली. रामानं गाऱ्हाणं घातलं, या घरावर कृपादृष्टी ठेव, आलेलं संकट दूर कर, आणि सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. दमयंती पुढं आली आणि येसूबाईच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या.

रघू दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मुंबईला गेला. निघताना तो आईच्या पाया पडला नाही. नंतर त्याचे फोन येईनासे झाले. तिनं लावले तर उचलायचा नाही. गुरुजी एकदा वाटेत भेटले तेव्हा त्यांच्याकडून तिला बाकीचं कळलं. राही रत्नागिरीत करुणा सिस्टरकडं राहते, एका प्रसूतिगृहात आयाचं काम करते. रघू तिला भेटायला गेला होता. ती खाली आली, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा वर कामाला गेली.

"प्रार्थनेला जाते?" येसूबाईनं विचारलं. का विचारलं ते तिलाच कळलं नाही.

"मधे कित्येक आठवडे गेली नव्हती," गुरुजी म्हणाले. "आता जाते. पण त्यांच्या प्रार्थनेत दुसऱ्याला माफ करण्याची एक ओळ आहे म्हणे. तिथं ती गप्प राहते. करुणाबाई सांगत होत्या." त्यांनी येसूबाईकडं नीट बघितलं. "मला त्यांची प्रार्थना पटत नाही, येसूबाई. पण माणसाची प्रार्थना अशी मोडणं, हे माझ्या वडलांना त्रास देणाऱ्यांनाही जमलं नव्हतं."

ती पुढं गेली.

भातं झोडून झाल्यावर गावकी पुन्हा बसली. या वेळी मध्ये उभा होता दमयंतीचा मुलगा सदू. सदू दारू प्यायचा आणि प्यायला की आईला मारायचा, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. गणपतीनंतर कुणीतरी त्याला पालीच्या शेडमध्ये नेलं होतं, आणि तेव्हापासून त्यानं बाटलीला हात लावला नव्हता. दर रविवारी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचा.

रामानं येसूबाईला पुढं बसवलं होतं. जाणत्या माणसांच्या रांगेत बसणारी ती पहिली बाई होती.

दमयंती हात जोडून म्हणाली, "दोन महिने झाले, त्यानं माझ्यावर हात उगारला नाय. मला काय ठाऊक नाय तिथं काय करतात. पण पोर माणसात आलंय. त्याला जाऊ द्या. मी घरातल्या देवाला रोज दिवा लावते, तो लावीत राहीन."

माणसं चुळबुळली. दोघंतिघं एकमेकांकडं बघायला लागले. सदूची दारू सगळ्यांनी बघितली होती. रामा येसूबाईकडं वळला. "वहिनी, तुमच्या घरात हे होऊन गेलंय. तुमी सांगा."

येसूबाईनं दमयंतीकडं बघितलं. तिच्या गालावरचा जुना व्रण आता फिका झाला होता. सोडा त्याला, एवढं म्हटलं असतं तर सगळे सुटल्यासारखे उठले असते, हे येसूबाईला समोर दिसत होतं. पण सदूला सोडायचं, तर मग राहीला काढली ती कशासाठी? खळ्यातून बाहेर पडलेली ती पाठ, फोन न उचलणारा मुलगा, ते सगळं मग कशासाठी होतं? तिला ते धरून बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"नियम एकच हवा," ती म्हणाली. तिचा आवाज खणखणीत निघाला. "माझी सून होती, मी काढली. हिचा मुलगा हाय म्हणून वेगळं कशाला? एक तर त्यानं पाली सोडावी, नाय तर हिनं त्याला घरातून काढावं."

"येसू," दमयंती म्हणाली. "येसू, माझ्याकडं बघ गो."

येसूबाई रामाकडं बघत राहिली. निर्णय तसाच झाला.

सदूनं आईकडं बघितलं आणि नारळावर हात ठेवला. पालीला जाणं त्यानं सोडलं. पुढचे तीन रविवार तो इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर नुसता बसून राहायचा. चौथ्या आठवड्यात तो फाट्यावरच्या गुत्त्यात दिसला. गावकीला त्यात काही गैर वाटलं नाही. दारू पिणारा सदू त्यांच्या ओळखीचा होता.

मार्गशीर्षात येसूबाई पोह्यांचं भात घेऊन गिरणीवर गेली. दमयंती तिथं होती. पदर डोळ्यापर्यंत ओढलेला, तरी सुजलेला डोळा झाकत नव्हता. येसूबाई जवळ गेली, हळूच म्हणाली, "दमे, डोळा शेकलास काय? हळद लाव."

दमयंती बोलली नाही. बोलू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपला डबा उचलला, पाखडायच्या पोह्यांचं सूप काखेला मारलं आणि ती परड्यातून जाणाऱ्या जवळच्या वाटेनं न जाता देवळावरून लांबच्या वाटेनं घरी गेली. गिरणवाल्यानं येसूबाईच्या हातातला डबा घेतला आणि विचारलं, "पोहे जाडे काढू की पातळ?"